पणजीचं नाव शोधणं हा छंद म्हणायचा की नसती उठाठेव?

आंबोळी | रविवार, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी.

परवा भाच्याच्या साखरपुड्यात मुलीकडच्या एक बाई शेजारी बसल्या होत्या. दादरचा हॉल, डोक्यावर पंखा, हातात मसाला दूध. त्यांनी विचारलं, "रिटायर झाल्यावर वेळ कसा जातो?" मी म्हटलं, घराण्याचा इतिहास शोधते. त्या गोड हसल्या नि म्हणाल्या, "ते झालंच हो, पण छंद असा काय?"

तेव्हापासून डोक्यात भुंगा आहे. त्यांच्या यजमानांचा छंद म्हणजे बोन्साय. गच्चीत अठरा कुंड्या. तो छंद. माझी सहा वर्षं, तीन वह्या, मोडीचा वर्ग, काळा घोड्याच्या पुराभिलेखागाराच्या चकरा, नायगावच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात संदर्भ विभागात घालवलेल्या दुपारी, गावच्या सात फेऱ्या, ह्याला काय म्हणायचं? भाऊ म्हणतो, "बिनपगारी सीआयडी." सूनबाई कौतुकाने म्हणते, "आईंचा टाइमपास." दोघांनाही मी काही बोलत नाही, पण लागतं.

थोडक्यात काय शोधतेय ते सांगते. आईची आजी, म्हणजे माझी पणजी. मूळ रत्नागिरी जिल्ह्यातली. १९१८ च्या मानमोडीत नवरा गेला आणि ही दोन मुलगे घेऊन गिरणगावात आली. लालबागला खानावळ चालवली. पंचवीस-तीस गिरणीकामगार तिच्याकडे जेवायचे. सगळे तिला "बय" म्हणायचे. घरात बय, चाळीत बय, बाजारात बय. त्यामुळे झालंय असं की तिचं खरं नाव आज कोणालाच माहीत नाही. पणजोबांच्या बाजूने मी पाच पिढ्या मागे गेले. कोणी कोणाकडून किती रुपये कर्ज काढलं तेही कळलं. बयचं नाव मात्र सापडत नाही.

तर प्रश्न दोन. एक, हा गंभीर छंद आहे का? दोन, तुमच्यापैकी कोणी असं काही करतं का, आणि अडलं की कुठे जाता?

चाळकरी | रविवार, रात्री ११.०५

ताई, राग मानू नका, पण मुलीकडच्या बाईंना माझं अनुमोदन.

मला आजवर असा एक माणूस भेटलेला नाही ज्याचा पूर्वज साधा होता. सगळ्यांचे किल्लेदार, नाहीतर दिवाण, अगदीच गेला बाजार पेशव्यांच्या पदरी. पानिपतात सगळ्यांचे कामी आले. तिथून पळून आलेला एकही पूर्वज मला कोणी दाखवलेला नाही, आणि पळून आलेले पुष्कळ होते म्हणूनच तर आपण सगळे इथे आहोत.

छंदाला कसब लागतं. तबल्याला हात लागतो, ट्रेकिंगला फुप्फुस लागतं. ह्यात काय लागतं? म्हाताऱ्यांना विचारायचं आणि ते जे ठोकून देतील ते वहीत उतरवायचं.

गोडा मसाला | रविवार, रात्री ११.१२

पॉपकॉर्न घेऊन बसलेय.

बोरू | सोमवार, सकाळी ७.५०

चाळकरी, कसब लागत नाही म्हणता ना? मग ही तारीख लावून दाखवा: "सन सलास सबैन मया व अलफ". इसवी सन सांगा. गुगल न करता.

चाळकरी | सोमवार, सकाळी ८.१५

हे काय आहे? कव्वाली?

बोरू | सोमवार, सकाळी ८.४०

शिवकाळात, पेशवाईत सर्रास वापरात असलेलं शुहूर सन. आकडे अरबी शब्दांत, एककापासून उलटे. सलास म्हणजे ३, सबैन ७०, मया १००, अलफ १०००. झाले ११७३. त्यात ५९९ मिळवा, १७७२. पण थांबा. हे साल मृगाला बदलतं, म्हणजे जूनच्या सुरुवातीला. कागद जानेवारी ते मे मधला असेल तर ५९९ नव्हे, ६०० मिळवायचे. एवढ्या एका चुकीने नातवाचा जन्म आजोबांच्या मुंजीच्या आधी गेलेला मी छापील वंशावळीत पाहिलाय. दुसऱ्या कागदावर शक असेल तर ७८, तिसऱ्यावर फसली असेल तर ५९०. तीन कागद, तीन कालगणना, माणूस एकच.

हे झालं नुसतं सालाचं. खाली मजकूर मोडीत. शब्दांत जागा सोडलेली नाही, ऱ्हस्व-दीर्घ नाही, विरामचिन्हं नाहीत, आणि लिहिणाऱ्याला जेवायला जायची घाई. मी चार वर्षं शिकतोय, अजून घिसाड अक्षर आलं की अंगठेबहाद्दर होतो.

आणि हौशी म्हणून हिणवण्याआधी एक आठवा. इतिहासकार वि. का. राजवाडे कुठल्या विद्यापीठाचे पगारी प्राध्यापक होते? गावोगाव फिरून लोकांच्या माळ्यावरची, वाळवी लागलेली दप्तरं त्यांनी मागून आणली आणि "मराठ्यांच्या इतिहासाची साधने" बावीस खंडांत काढली. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं तेही अशाच नाद लागलेल्या लोकांच्या जिवावर. रियासतकार सरदेसाई बडोद्याला नोकरी करता करता इतिहासात शिरले आणि पुढे पेशवे दफ्तरातल्या निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड संपादित केले. ज्या माळ्यांवरून ती दप्तरं निघाली ते माळे कोणाच्या तरी घरचेच होते.

चाळकरी | सोमवार, सकाळी ९.०२

कसबाचा मुद्दा मागे घेतो. राजवाड्यांचा नाही. ते राज्याचा इतिहास शोधत होते, ताई खानावळीचा शोधतायत.

तिकीट नंबर | सोमवार, दुपारी १.२०

खानावळीचा इतिहास हा राज्याचा इतिहास नाही हे कोणी सांगितलं? जेवणाच्या सुट्टीत लिहितोय, त्यामुळे तुटक वाटेल.

माझे वडील गिरणीत बदली कामगार होते, म्हणजे कोणी गैरहजर असला की त्याच्या जागी. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी दुसरीत. त्यांनी पुढे कधी गिरणीचं नाव काढलं नाही. ते गेले, आणि मग गिरणी कामगारांच्या घरांसाठी अर्ज सुरू झाले. पुरावा पाहिजे. तिकीट नंबर, ईएसआयचं कार्ड, हजेरीचा पास, पीएफची पावती, काहीही. आमच्या घरी काहीही नव्हतं. संपात भांडी विकली तिथे कागद कोण जपतो?

मग मी सुरुवात केली. वडिलांबरोबर एका खोलीत राहणाऱ्या माणसांची यादी काढली. आमच्या गावकीची करी रोडला खोली होती, चौदा पुरुष, पाळ्यांप्रमाणे झोपायचे, एक उठला की दुसरा त्याच वळकटीवर. त्या गावकी मंडळाच्या वर्गणीच्या वह्या एका गृहस्थांनी पत्र्याच्या ट्रंकेत ठेवल्या होत्या. त्यात वडिलांच्या नावापुढे खातं लिहिलेलं, साचा खातं (म्हणजे विणकाम), आणि गिरणीचं नाव. पुढे पीएफचा नंबरही मिळाला. त्या वहीतून आमच्यासारखी आणखी नऊ घरं मार्गी लागली.

तेव्हा माझ्यासाठी हा छंद नव्हता, गरज होती. अर्ज भरून झाला आणि तरी मी थांबलो नाही, तिथपासून छंद. ताई, गिरणगावातल्या खानावळवाल्या बायांच्या उधारीच्या वह्या कोणाकडे असतील तर मलाही पाहायच्यात.

नसता उद्योग | सोमवार, दुपारी ३.४५

धाग्याच्या मूळ प्रश्नाला कोणीतरी शास्त्रशुद्ध हात घालावा म्हणून.

रॉबर्ट स्टेबिन्स नावाचा समाजशास्त्रज्ञ आहे, कॅनडातला. त्याने फुरसतीचे दोन भाग पाडले. एक सहज, म्हणजे पाय वर करून टीव्ही. दुसरी गंभीर, "सीरियस लेझर". ही कल्पना त्याने १९८२ मध्ये मांडली. (तिकीट नंबर, तेच साल. इकडे लाखो लोकांवर सक्तीची फुरसत आली होती.) गंभीर फुरसतीच्या त्याच्या खुणा साधारण अशा: अडलं तरी माणूस चिकटून राहतो, त्यात पायऱ्यापायऱ्यांनी पुढे जातो, मेहनतीने विद्या मिळवतो, त्याला टिकाऊ काही लाभतं, त्या लोकांचं एक वेगळं जग तयार होतं, आणि शेवटी तो स्वतःची ओळख त्यावरून सांगायला लागतो. ताईंनी साखरपुड्यात शेवटची परीक्षा आपणहून दिली.

आपली भाषा जास्त हुशार आहे. आपल्याकडे छंद, नाद, शौक, वेड, खूळ अशी उतरंड आहे, आणि "छंदीफंदी" म्हटलं की माणूस वाया गेलेला. म्हणजे मराठीत छंद मुळात फार आदराची गोष्ट नव्हतीच. बोन्सायवाल्यांनी आत्ता आत्ता प्रतिष्ठा मिळवलीय.

अवांतर: वंशावळ म्हणून आपण जे छापतो ते गणिताने फार केविलवाणं आहे. दहा पिढ्या मागे गेलात तर त्या एका पिढीतच तुमचे पूर्वज कागदावर १०२४ होतात. कुलवृत्तांतात त्यातला एक असतो. बाकीच्या १०२३ जणांचं रक्त काय टँकरने आलं?

निळी शाई | सोमवार, रात्री ९.३०

दिवसभर वाचतोय, आता राहवत नाही.

कुलवृत्तांत, दिवाण, पेशवे दफ्तर. छान आहे. पण "छंद आहे का" हा प्रश्न ज्यांना पडू शकतो त्यांनी जरा इकडेही बघावं. आमच्याकडे घराण्याचा शोध सगळेच घेतात, हौस असो नसो. मुलाला इंजिनिअरिंगला जागा मिळाली की जातपडताळणी. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा पुरावा, भटक्या-विमुक्तांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७. आजोबांचा शाळेचा दाखला. आजोबा शाळेत गेलेच नसतील तर चुलत आजोबांचा. मग ते आपले चुलत आजोबा आहेत हे दाखवायला वंशावळीचं प्रतिज्ञापत्र. माझी पहिली वंशावळ मी एकोणिसाव्या वर्षी स्टॅम्पपेपरवर काढली, डिलाईल रोडच्या बीडीडी चाळीत, जमिनीवर बसून, आत्याला एकेक नाव विचारत.

आम्हाला आमचे जुने लोक कुठे सापडले माहितीय? वतनाच्या नोंदवहीत. महार वतन १९५८ च्या कायद्याने गेलं, पण त्याच्या याद्या राहिल्या. ज्या कागदाने चार पिढ्या राबवून घेतलं त्याच कागदात त्यांची नावं शाबूत. ती वाचताना अभिमान वाटायचा की संताप यायचा ते मला अजून ठरवता आलेलं नाही. दोन्ही येतं.

पडताळणी झाली, मुलगी डॉक्टर झाली, आणि मी अजून दर दोन महिन्यांनी गावी जाऊन जुन्या शाळेचं जनरल रजिस्टर चाळतो. मुख्याध्यापक आता चहा देतात. अर्ध्या गावाची जन्मतारीख १ जून. गुरुजींची कृपा.

तर चाळकरीसाहेब, आमच्यात किल्लेदार नाही. तरी शोधतो.

तिकीट नंबर | सोमवार, रात्री ९.४१

दादा, कडक.

चाळकरी | सोमवार, रात्री १०.१०

निळी शाई, तुमचं मान्य. माझी टिंगल किल्लेदारवाल्यांची होती.

पण ताईंना एक सरळ प्रश्न, खवचटपणा बाजूला ठेवून. समजा नाव सापडलं. लक्ष्मी असेल, पार्वती असेल, भागीरथी असेल. त्या काळी दर तिसरी बाई ह्यातलीच. मग? काय करणार त्याचं?

गोराई खाडी | सोमवार, रात्री ११.००

ताईंचं उत्तर येईपर्यंत माझं घ्या. आम्ही ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईकडचे मूळचे ख्रिस्ती. पोर्तुगीज आडनाव बघून लोक विचारतात, तुमचे पूर्वज लिस्बनचे का? बाबांनो, पूर्वज इथलेच, खाडीत मासे मारणारे आणि मिठागरात राबणारे. आडनाव बाप्तिस्म्याबरोबर आलं. "ईस्ट इंडियन" हे नावसुद्धा १८८७ चं, व्हिक्टोरिया राणीच्या ज्युबिलीच्या वेळी घेतलेलं.

सांगायचं हे की आमच्याकडे चर्चच्या बाप्तिस्मा रजिस्टरात बापाबरोबर आईचं नाव असतं. लॅटिनमध्ये, शाई उडालेली, पण असतं. त्यामुळे मी आईकडून आईकडे असा सहा पायऱ्या मागे गेलोय. आंबोळीताईंची अडचण वाचून पहिल्यांदा कळलं की ही चैन आहे.

घाटावरची | मंगळवार, सकाळी ६.३०

आमच्या सांगली-कोल्हापूरकडे हेळवी येतात. पूर्वी बैलावर बसून यायचे, आता मोटारसायकल. सुगी झाली की दारात उभे राहून घराण्याची सगळी नावं घडाघडा म्हणतात. मूळ गाव कोणतं, तिथून का उठले, कोण दत्तक गेला. मग आपल्याकडे नवीन कोण जन्मलं ते वहीत चढवतात आणि धान्य, पैसे घेऊन जातात. मी मुंबईत आले, तर आमचा हेळवी दोन वर्षांपूर्वी शोधत कांजूरमार्गला आला. बिल्डिंगच्या वॉचमनने आत सोडेना. मी खाली पळत गेले.

मी त्याला म्हटलं माझ्या मुलीचं नाव घाल. म्हणाला, "ताई, लेकीचं नाव तिच्या सासरच्या वहीत." मी म्हटलं, तिला सासर नाही, ती लग्न करणार नाही म्हणते. तो बराच वेळ विचार करत बसला. शेवटी घातलं. वेगळ्या पानावर.

आंबोळी | मंगळवार, सकाळी ११.१५

सगळ्यांना एकेक करून उत्तर द्यायचंय, पण चाळकरींचा प्रश्न आधी. काय करणार?

सहा वर्षांपूर्वी पितृपक्षात मामाकडे पान होतं. गुरुजी तर्पण सांगत होते. पिता, पितामह, प्रपितामह, नावं झाली. माता झाली. मग म्हणाले, "पितामही? आजीचं नाव?" मामा गप्प. मामाचं वय तेव्हा बहात्तर. त्याने सगळ्यांकडे पाहिलं. मावशी गप्प. गुरुजींना पुढे दोन घरं होती. ते म्हणाले, "हरकत नाही, गंगा म्हणू." आणि सगळे हो म्हणाले.

आई आत ओट्यापाशी भाज्यांची पातेली झाकत होती. ती बाहेरसुद्धा आली नाही. आतूनच म्हणाली, "ती गंगा नव्हती."

एवढंच. आईला नाव आठवत नाही. आई आज चौऱ्याऐंशीची आहे. एप्रिल १९४४ चा गोदीतला स्फोट तिला पुसट आठवतो, खोलीतल्या फळीवरची भांडी खाली आली म्हणते. त्यानंतर बयला गावी नेऊन सोडलं आणि ती तिकडेच वारली. आईच्या डोक्यात तिचा एक तिखटमिठाचा वास आणि "बय" ही हाक, बस. पण ती गंगा नव्हती हे तिला पक्कं ठाऊक आहे.

दुसरं, माझं स्वतःचं. माझ्या सासरच्यांचा छापील कुलवृत्तांत आहे. त्यात मी आहे, यजमानांच्या नावाखाली अर्ध्या ओळीत. पण ते नाव माझं नाही. लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीने लिहिलं ते. बँकेत बत्तीस वर्षं मी माहेरच्या नावाने सही केली, आणि उद्या कोणी मला शोधायला आलं तर मी सापडणार नाही. तेव्हा लक्ष्मी असो की पार्वती, मला ते तांदळातलं नको आहे, किंवा दोन्ही हवीत.

आता बाकीचं. मरणाची नोंद महापालिकेत का नाही ह्याचं उत्तर वर आलंच, ती गावी गेली. गावच्या जन्ममृत्यू नोंदवहीचं नेमकं त्या वर्षांचं बाड वाळवीने खाल्लंय. एका कचेरीत मला सांगितलं, "नाव सांगा, मग नोंद शोधतो." मी म्हटलं, नावच शोधतेय. ते म्हणाले, मग नोंद कशी शोधणार? अर्धा तास आम्ही दोघं ह्याच वाक्यांवर गोल फिरलो. त्र्यंबकेश्वरला तीर्थोपाध्यायांच्या चोपड्यात पणजोबांचे थोरले भाऊ सापडले, सहीसकट. बाई एकही नाही. सातबारा, फेरफार (जमिनीच्या हक्कात बदल झाला की होते ती नोंद) पाहून झाले. जमीन पणजोबांच्या थोरल्या भावाच्या नावे, पुढे ए.कु.मॅ., म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, असा शेरा. त्यामुळे पणजोबा वारले तेव्हाचा वेगळा वारसाचा फेरफार मिळत नाही.

व्यवस्थापक | मंगळवार, सकाळी ११.३०

चर्चा छान चालली आहे. फक्त एक विनंती: पूर्ण नावं, सर्व्हे नंबर, फोन नंबर धाग्यावर टाकू नयेत.

रेवस धक्का | मंगळवार, दुपारी ४.००

गंभीर की नाही हे ठरवायची माझी एक कसोटी आहे. नको ते सापडल्यावर तुम्ही वहीत लिहिता का?

आमच्या घरात पंचाहत्तर वर्षं एक गोष्ट चालत आली. आजोबांचे धाकटे भाऊ "रामदास" नावाच्या बोटीच्या अपघातात गेले. १७ जुलै १९४७, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली बोट, काश्याच्या खडकापाशी उलटली, सहाशेहून जास्त माणसं बुडाली. दरवर्षी आजी त्या दिवशी समुद्राला नारळ द्यायची. मी हा शोध सुरू केला तो त्यांच्यावर दोन पानं लिहावीत म्हणून.

वर्ष-दीड वर्ष खपलो आणि एका घाटावरच्या शाळेच्या रजिस्टरात ते सापडले. १९५३ साली. बाप म्हणून. मुलाला पहिलीत घालायला आलेले. नाव, बापाचं नाव, आडनाव, मूळ गाव, सगळं जुळतं. ते बोटीत बसलेच नव्हते. त्यांना घर सोडायचं होतं आणि समुद्राने आयती सोय केली.

वहीत लिहिलं. नारळ द्यायला आता आजी नाही, काकू देतात. त्यांना सांगितलेलं नाही. त्या दुसऱ्या घरालाही अजून फोन केलेला नाही, नंबर सहा महिने खिशात आहे.

नसता उद्योग | मंगळवार, दुपारी ४.२५

बापरे. स्टेबिन्सच्या यादीत ही खूण नाही, असायला हवी होती.

गोडा मसाला | मंगळवार, दुपारी ४.३१

पॉपकॉर्न बाजूला ठेवले.

नमुना सात | मंगळवार, रात्री ८.५०

मी निवृत्त तलाठी. अडतीस वर्षं कोकणातल्या सजांवर काढली, आता मुलाकडे बोरिवलीला. नातवाला झोपवून लिहितोय. २०२३ मध्ये न्यायमूर्ती शिंदे समितीचं कुणबी नोंदींचं काम सुरू झालं तेव्हा जुने कागद माहीत असलेला म्हणून मलाही बोलावणं आलं होतं, त्यामुळे हात अजून गंजलेला नाही.

आंबोळीताई, तुम्ही चुकीच्या दारात उभ्या आहात.

ए.कु.मॅ. म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, हे बरोबर. पण तुम्हीच लिहिलंय की विधवा भावजय दोन मुलगे घेऊन मुंबईला गेली. तर कोकणात मी पाहिलेला अनुभव सांगतो. थोरला दीर पुढेमागे वारतो किंवा वाटप होतं, आणि तेव्हा ह्या पुतण्यांची नावं लागतात. मुलं अठराच्या आतली असली तर त्यांच्या नावापुढे "अ.पा.क." लागतं. अज्ञान पालनकर्ता. बाप नाही म्हणजे तिथे आई. "अमुक अज्ञान, पा.क. आई तमुक." बाईचं नाव गावच्या दप्तरात यायची ती एक वाट.

तुम्ही म्हणाल, तो फेरफार मला मिळाला नाही. नसेल मिळाला, पान फाटलं असेल, नंबर चुकला असेल. त्याचा नाद सोडा. पोरगा सज्ञान झाला की आणखी एक फेरफार होतो, अ.पा.क. शेरा कमी करण्याचा. तो शोधा. तुमचे आजोबा, म्हणजे बयचा मुलगा, अठरा वर्षांचे कधी झाले ते साल काढा, त्याच्या पुढची दहा वर्षं फेरफाराची वही पानापानाने बघा, कारण लोक लगेच अर्ज करत नाहीत, जमिनीचं काही काम निघालं की करतात. आजोबांचं नाव धरून शोधू नका, शेरा धरून शोधा. गाव खोती असेल तर बोटखतही मागा, कुळांची नावं त्यात. "आपले अभिलेख"वर स्कॅन असतील तर घरबसल्या दिसेल, नसेल तर तालुक्याची रेकॉर्डरूम. सोमवारी जाऊ नका, सोमवारी गर्दी.

छंद की काय ते मला माहीत नाही. मी पगारावर केलं.

बोरू | मंगळवार, रात्री ९.०५

नमुना सात, दंडवत घ्या.

आंबोळी | मंगळवार, रात्री ९.२०

काका, आजोबांचा जन्म १९१०. म्हणजे १९२८ पासून पुढे. हे मला सहा वर्षांत एकाही माणसाने सांगितलं नव्हतं. मी गुरुवारी मांडवी एक्स्प्रेसने निघते.

चाळकरी | मंगळवार, रात्री ९.२८

गुरुवारी? बोन्सायवाले एवढ्या तातडीने कुठे जात नाहीत हे मान्य करावं लागेल.

आंबोळी | शनिवार, रात्री ११.१०

आत्ता घरी पोचले. पाय सुजलेत, पण लिहिल्याशिवाय झोप येणार नाही.

ऑनलाइन आमचं गाव नव्हतं. रेकॉर्डरूममध्ये शुक्रवारी सकाळी दहाला बसले. तिथल्या शिपाईमामांनी आधी "कशासाठी पायजे, वाटणीचा वाद आहे काय" विचारलं. वाद नाही म्हटल्यावर त्यांचा विश्वास बसेना. तासाभराने स्वतःच बाडं काढून द्यायला लागले. दोऱ्यात बांधलेली, कडा बिस्किटासारख्या तुटणाऱ्या. १९२८ नाही. १९२९ नाही. १९३० ची वही अर्धी. जेवणाच्या सुट्टीत मी बाहेर गेलेच नाही, मामांनी त्यांच्या डब्यातली अर्धी भाकरी दिली.

तीन वाजता १९३३ मध्ये सापडला. सहा ओळींचा फेरफार, मोडीत. अक्षर सुरेख, बोरूदादा, तुम्हाला फोटो पाठवलाय, तुम्ही आणि मी स्वतंत्रपणे वाचावा म्हणून माझं वाचन कळवलं नव्हतं. तुमचा निरोप पनवेलच्या जवळ आला. जुळलं.

मजकूर साधा आहे. खातेदार सज्ञान झाले, सबब पालनकर्ती आई म्हणून दाखल असलेलं नाव कमी केलं. आणि ते कमी केलेलं नाव. त्याच्याखाली तलाठ्याची सही, सर्कलची सही, आणि एक अंगठा. अंगठा तिचा. म्हणजे ती त्या दिवशी मुंबईहून गावी गेली होती, स्वतःचं नाव काढून घ्यायला, बहुधा खानावळ दोन दिवस बंद ठेवून.

मी त्या अंगठ्यावर माझा अंगठा ठेवला. मामा म्हणाले, "बाई, कागदाला हात लावू नका." बरोबर आहे त्यांचं.

तिकीट नंबर | शनिवार, रात्री ११.१६

ताई.

नमुना सात | शनिवार, रात्री ११.२०

नक्कल घेतलीत ना? शिक्क्याची?

आंबोळी | शनिवार, रात्री ११.२२

घेतली काका. दोन घेतल्या.

निळी शाई | शनिवार, रात्री ११.२४

अभिनंदन. एक नक्कल मामांच्या गुरुजींना द्या.

चाळकरी | शनिवार, रात्री ११.३०

ताई, सगळं सांगितलंत, मुख्य तेच राहिलं. नाव काय?

आंबोळी | शनिवार, रात्री ११.३३

इथे आत्ता नाही लिहीत. मी आले तेव्हा आई झोपली होती. आधी तिला.

चाळकरी | शनिवार, रात्री ११.३४

बरोबर आहे. सकाळी कधी उठतात आई?

आंबोळी | शनिवार, रात्री ११.३५

साडेपाचला.